‘आतापर्यंतचा सगळ्यात हेवी अल्बम’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: ‘आवडत्या बँडच्या गिटारवादकाची मुलाखत वाचून मी रेकॉर्ड महिनाभर आधीच बुक केली. आतापर्यंतचा सगळ्यात हेवी आणि सगळ्यात प्रामाणिक अल्बम, असं तो म्हणाला होता. हातात आली तेव्हा अर्धी गाणी पियानोवर. अल्बम यायच्या आधी कलाकार जे सांगतात ते कधी खरं निघतं का, की सगळा विक्रीचा मामला?’

मी बावीस वर्षं मिक्सिंग करते, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं जुळवून त्यांचं एक गाणं करते. बँडचे, सुगम संगीताचे, चित्रपटाचे, सगळ्या तऱ्हेचे अल्बम हाताखालून गेले. कितीतरी वेळा असं झालंय की बाहेरच्या सोफ्यावर कलाकार फोनवर मुलाखत देतोय आणि आत माझ्या स्क्रीनवर तेच गाणं अर्धवट उघडं आहे. त्या अनुभवावरून सांगते: मुलाखतीतली नामं बहुधा खरी निघतात, विशेषणं क्वचित. कुठे रेकॉर्ड केलं, कोण वाजवायला होतं, किती गाणी, निर्माता कोण, हे सहसा चुकत नाही. हेवी, प्रामाणिक, धाडसी, मुळांकडे परत, हे शब्द आले की कान थोडे मिटून घ्यायचे.

पण ‘विक्रीसाठी खोटं बोलतात’ हेही मला पटत नाही. ठरवून खोटं बोलणारे मी फार कमी पाहिले. गोम वेगळीच आहे.

एक सुगम संगीताचा अल्बम होता. गायकाने वर्तमानपत्राला सांगितलं, ‘सगळी वाद्यं लाइव्ह वाजवून घेतली आहेत, संगणकाचा आवाज औषधालाही नाही.’ बातमी छापून आली त्या दिवशी त्यातलंच एक गाणं माझ्याकडे मिक्सला होतं. सेहेचाळीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली सेहेचाळीस पट्ट्या. त्यांतले खरोखर वाजवलेले तबला, बासरी, साइड रिदमचे दोन आणि व्हायोलिन. तेही एकाच वादकाकडून चार वेळा वाजवून घेऊन चौघांचा भास केलेला. बाकी सगळं अरेंजरने, म्हणजे वाद्यसंयोजकाने, घरी कीबोर्डवर बसवलेलं. तानपुरासुद्धा यंत्रातला. तरी गायक खोटं बोलला नव्हता. तो ज्या दोन दिवशी स्टुडिओत आला त्या दोन्ही दिवशी समोर तबलजी आणि बासरीवाले बसले होते. अरेंजरच्या रात्री त्याने पाहिल्याच नव्हत्या. अल्बम आतून पाहणाऱ्यालाही तो तुकड्यांनीच दिसतो, आणि मुलाखत देणारा आपल्या वाट्याच्या तुकड्याबद्दल बोलत असतो. तुमचा गिटारवादक बहुधा आपल्या गिटारबद्दलच बोलत होता.

दुसरी अडचण वेळेची. प्रसिद्धीची गाडी अल्बमच्या पुढे धावते. मुलाखती होतात तेव्हा बऱ्याचदा मिक्स पक्का झालेला नसतो, कधी गाण्यांचा क्रमही ठरलेला नसतो. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. तेवढ्या अवधीत काय काय उलटंपालटं होऊ शकतं याचा सगळ्यात ठसठशीत नमुना बीटल्स या इंग्रजी बँडचा आहे.

जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी ठरवलं की आता स्टुडिओच्या करामती पुरे. चौघांनी एकत्र बसून वाजवायचं, वरून काही चढवायचं नाही. आधी ट्विकनहॅमच्या फिल्म स्टुडिओत, मग लंडनमधल्या सॅव्हिल रो इथल्या स्वतःच्या इमारतीच्या तळघरात काम झालं, आणि ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर ते वाजवले. एप्रिलमध्ये ‘गेट बॅक’ हे गाणं आलं. त्याच्या जाहिरातीचा मथळा होता, निसर्गाने घडवले तसे बीटल्स, आणि खाली ग्वाही होती की इलेक्ट्रॉनिक भानगड काही नाही. ही ग्वाही बव्हंशी खरी होती. बव्हंशी म्हणते, कारण त्या गाण्याचा मुख्य भाग २७ जानेवारीच्या टेकमधला (एका दमात वाजवलेल्या रेकॉर्डिंगमधला) आहे आणि शेवटची शेपटी २८ तारखेची. संपल्यासारखं वाटून गाणं पुन्हा सुरू होतं, तिथे कान लावा. आमच्या धंद्यात याला कुणी लबाडी म्हणणार नाही. पण ‘निसर्ग’ म्हटलं तरी तो कापून जोडावा लागतो, एवढं यातून कळतं.

पुढे जे झालं ते कुणाच्याच मुलाखतीत बसणारं नव्हतं. ग्लिन जॉन्स या इंजिनियरने त्या टेप्समधून अल्बम जुळवून दिला. तो पसंत पडला नाही. पुन्हा जुळवला, तोही नाही. टेप्स शेवटी निर्माता फिल स्पेक्टरकडे गेल्या आणि एप्रिल १९७० मध्ये ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर अख्खा वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढला. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी भडकला, आणि भागीदारी मोडायच्या खटल्यात ही तक्रार त्याने मांडली. मे महिन्यात ‘लेट इट बी’ बाजारात आला. त्याच्या वेष्टणावर मात्र थेट वादनाची ऊब आणि ताजेपणा अशी भलामण आणि त्याच्याच शेजारी स्पेक्टरचं नाव. वर काही चढवायचं नाही म्हणून सुरू झालेला अल्बम बीटल्सच्या सगळ्यात जास्त चढवलेल्या गाण्यांपैकी एक घेऊन बाहेर पडला. अख्ख्या अल्बमचा सोललेला अवतार अधिकृतपणे ऐकायला मिळाला तो थेट २००३ मध्ये. म्हणजे जानेवारीत सांगितलेलं सगळं खरं होतं आणि पंधरा महिन्यांनी तेच सगळं खोटं ठरलं. मधे कुणीही खोटं बोललेलं नाही.

तिसरी गोष्ट अशी की कलाकार स्वतःला स्वतःच्याच मागच्या अल्बमने मोजतो. ऐकणाऱ्याची मोजपट्टी असते अख्ख्या दुनियेची. तीन वर्षं मँडोलिनवर गाणी केलेला माणूस गिटार अँपला लावून ‘भयंकर हेवी’ म्हणतो तेव्हा त्याच्या घरातलं ते सत्यच असतं. पुण्याहून गेलेल्याला लोणावळा थंड वाटतो, शिमल्याहून आलेल्याला नाही. ‘सगळ्यात हेवी’ या वाक्यात ‘आमच्या हिशोबाने’ हे शब्द न छापता राहिलेले असतात.

आर.ई.एम. या अमेरिकी बँडचं उदाहरण मला फार आवडतं. १९९१ मध्ये ‘आउट ऑफ टाइम’ आला, त्यातलं मँडोलिनवरचं गाणं जगभर वाजलं. पुढचा अल्बम दणकट रॉक करायचा, असं गिटारवादक पीटर बक आणि मंडळींनी ठरवलं होतं. १९९२ मध्ये आला ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. मरण, म्हातारपण, आठवणी. चार गाण्यांवर व्हायोलिनं, आणि त्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सची. हेवी म्हणजे मन जड होणं असा अर्थ घेतला तरच तो हेवी. सगळ्यांना अपेक्षित असलेला गोंगाट १९९४ मध्ये ‘मॉन्स्टर’मधून आला. म्हणजे वचन पाळलं गेलं, एका अल्बमने उशिरा. तुमच्या बँडच्या बाबतीत हेही शक्य आहे. पियानोचा अल्बम करत असतानाच माणसाला पुढच्या, गिटारच्या अल्बमची तल्लफ येते आणि मुलाखतीत तो तल्लफेबद्दल बोलून जातो.

आता खास माझ्या खोलीतली गोष्ट, कारण ‘हेवी’ या शब्दाने सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. मेटालिका या अमेरिकी मेटल बँडचा २००३ चा ‘सेंट अँगर’ चाहत्यांच्या घशाखाली उतरला नाही. गिटारच्या सोलो नाहीत, स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा. पाच वर्षांनी ‘डेथ मॅग्नेटिक’ यायच्या आधी चर्चा अशी की निर्माता रिक रुबिनने त्यांना ऐंशीच्या दशकातल्या आपल्या उमेदीच्या काळासारखा विचार करायला लावलंय. सप्टेंबर २००८ मध्ये अल्बम आला. लांबलचक गाणी, सोलो परत, वेगही परत. रचनेपुरतं सांगितलेलं अगदी तंतोतंत.

आणि तरीही हजारो चाहत्यांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या की हे पुन्हा मिक्स करून द्या. का? आवाज इतका वर ढकलला होता की लाटेचे सुळके कापले गेले होते. ध्वनीची लाट स्क्रीनवर पाहिली तर ती डोंगररांगेसारखी दिसायला हवी: ड्रमचा ठोका म्हणजे सुळका, त्यामागे दरी. लिमिटर नावाचं यंत्र ठरावीक उंचीच्या वरचं सगळं दाबून टाकतं. जरा दाबलं तर गाणं भरदार वाटतं. फार दाबलं तर सुळके जाऊन पठार उरतं, आणि त्याही पुढे ढकललं की कडांना करकर येते. गंमत म्हणजे तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली होती आणि तिथे ती न चेपता गेली होती. लोकांनी दोन्ही लाटा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एकीकडे सह्याद्री, दुसरीकडे विटेचा तुकडा. मास्टरिंग, म्हणजे मिक्सनंतरचा शेवटचा हात, करणारा टेड जेन्सन याने एका चाहत्याला लिहिलेलं उत्तर बाहेर आलं, त्यात त्याने सांगितलं होतं की मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच चेपलेले होते. मला त्याची दया येते, कारण मास्टरिंगवाल्याला दोष देणं फार सोपं असतं.

तर अशा अल्बमला ‘हेवी’ म्हणणारा खरं बोलला की खोटं? हेवी वाटायला हलकंही लागतं. ठोक्याआधी शांतता नसेल तर ठोका बसत नाही. ढोल-ताशा पथकात टोलाआधी क्षणभर हात थांबतो, तेव्हाच अंगावर काटा येतो. बँड मला सांगतो ‘अजून जोरात’, मी फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर नेते, ते खूश होऊन मान डोलवतात. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकलं की सगळंच एका उंचीचं. सहा तास मोठ्या आवाजात ऐकलेल्या कानाला काही समजत नाही. माझ्यासुद्धा नाही. आणि मुलाखती नेमक्या अशाच संध्याकाळी दिल्या जातात.

शब्दाचा अर्थच दोघांनी वेगळा घेतला तर काय होतं ते रॉक गायक नील यंगने दाखवलं. त्याच्या ‘ट्रान्स’ या अल्बमात त्याचा आवाज व्होकोडरमधून यंत्रासारखा केलेला होता. कंपनी म्हणाली, रॉक अँड रोल दे. त्याने १९८३ मध्ये दिला: शब्दशः पन्नासच्या दशकातला, केसांना तेल लावलेला रॉक अँड रोल, सगळा मिळून पंचवीसेक मिनिटांचा. कंपनीने तेहेतीस लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रारीचा मथितार्थ असा की हा माणूस नील यंगसारखं वाजवत नाही, आणि नील यंग तर स्वतःच तो! पुढे ते मिटलं आणि कंपनीच्या मालकाने माफीही मागितली. मागणीतलं नाम त्याने अचूक पुरवलं होतं.

जॉनरचं, म्हणजे संगीतप्रकाराचं, नाव मात्र फसवं. ते नाम दिसतं, पण वागतं विशेषणासारखं. मार्च २०२४ मध्ये ‘काउबॉय कार्टर’ यायच्या दहा दिवस आधी बियॉन्सेने लिहिलं की हा कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचा) अल्बम नाही, हा बियॉन्से अल्बम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यालाच ग्रॅमीचा सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाला, शिवाय वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणूनही. मंचावर तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते जगाने पाहिलं. तिचं वाक्य खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. बँजो त्यात आहे आणि ऑपेराही आहे. ते वाक्य वर्णन नव्हतंच, ते दारावरची पाटी होती: आत कोणत्या अपेक्षेने यायचं नाही याची. उलट टेलर स्विफ्टने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘१९८९’ जाहीर करताना हा माझा पहिला रीतसर पॉप अल्बम असं सांगितलं, आणि तो तसाच निघाला. कंट्रीची वस्ती सोडून चालले हे तिला सगळ्यांना नीट कळवायचं होतं. निरोप घेणारा माणूस सहसा अचूक बोलतो.

विशेषण खरं निघाल्याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण द क्युअर या इंग्रजी बँडचं. रॉबर्ट स्मिथ २०१९ पासून सांगत होता की नवा अल्बम काळाकुट्ट, उदास असेल आणि लवकरच येईल. ‘लवकरच’ पाच वर्षं चाललं. १ नोव्हेंबर २०२४ ला ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला: आठ गाणी, एकोणपन्नास मिनिटं, पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं वादन आणि मग आवाज. काळोख वचनाप्रमाणे पुरेपूर. तारीख चुकली आणि भाव बरोबर आला, हे नेहमीच्या उलट झालं. मला यामागे एक साधं कारण दिसतं. त्यांतली बरीच गाणी २०२२ पासून दौऱ्यावर हजारो लोकांसमोर वाजवून झाली होती. ऐकणाऱ्याचे चेहरे बघून आलेला माणूस बोलत होता. स्टुडिओत एकट्याने दोनशे वेळा ऐकून झाल्यावर जे सुचतं, त्यात आणि यात फरक पडणारच.

तारखांचं न बोललेलं बरं. गन्स अँड रोझेसच्या अ‍ॅक्सल रोझने ‘चायनीज डेमॉक्रसी’ हे नाव १९९९ मध्ये सांगितलं, अल्बम आला नोव्हेंबर २००८ मध्ये. त्या वर्षी एका शीतपेय कंपनीने पैज लावली होती की यंदा अल्बम आला तर अमेरिकेत सगळ्यांना एकेक कॅन फुकट. आला, आणि मागणीच्या गर्दीत त्यांची वेबसाइट झोपली. यू टूच्या बोनोने २००९ मध्ये ‘साँग्ज ऑफ असेन्ट’ नावाचा ध्यानमग्न जुळा अल्बम लवकरच म्हणून सांगितला. पुढचा अल्बम २०१४ चा, तोही भलताच. बीच बॉइज या बँडच्या ब्रायन विल्सनने १९६६ मध्ये ‘स्माइल’ला देवाला वाहिलेली किशोरवयीन सिंफनी म्हटलं. कंपनीने लाखांनी वेष्टणं छापली. मे १९६७ मध्ये काम बंद पडलं आणि सप्टेंबरात त्याच्या जागी छोटासा ‘स्मायली स्माइल’ आला. मूळ कल्पना पुन्हा रेकॉर्ड होऊन आली २००४ मध्ये, आणि ती ऐकून मला वाटलं की ते वर्णन खरंच होतं, फक्त अडतीस वर्षं आगाऊ.

आपल्याकडे मैफलीत याची एक छान रीत आहे. गवई बसतात, घसा साफ करतात, ‘आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या’ म्हणतात, आणि मग दीड तास अशी मांड जमवतात की विचारू नका. अनुभवी श्रोता त्या वाक्याकडे लक्षच देत नाही. त्यापाठोपाठ येतं ते खरं निवेदन: राग पूरिया, विलंबित एकताल. संपलं. ‘आतापर्यंतचा माझा सगळ्यात धाडसी पूरिया’ असं कुणी म्हणालं तर पहिल्या रांगेतले आजोबा चष्मा काढून बघतील.

म्हणून पैसे आधी भरायचे असतील तर मुलाखतीत काय शोधावं? निर्माता आणि मिक्स करणारा बदललाय का, ते पाहा. त्याने आधी काय केलंय ते ऐका, ते गिटारवादकाच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं. मिक्स संपलाय असं स्पष्ट म्हटलंय का, बघा. नवी गाणी कुठे मंचावर वाजली असतील तर मोबाइलवरची फुटकी चित्रफीत चालेल, पण ती ऐका. आणि बोलतोय कोण? ड्रमर बोलत असेल तर मी जास्त विश्वास ठेवते. त्याचं काम सगळ्यात आधी संपलेलं असतं, त्यामुळे तो थोडा लांबून बघतो. हे शास्त्र नव्हे, माझा अनुभव.

‘प्रामाणिक’ या शब्दाबद्दल मात्र माझ्याकडे काहीच उपाय नाही. मागच्या महिन्यात एका तरुण बँडने मला प्रेस नोट लिहून मागितली, कारण सगळे ट्रॅक मलाच माहीत. मी चार ओळी दिल्या: नऊ गाणी, दोन गिटार, बास, ड्रम, एका गाण्यात हार्मोनियम, ड्रम दोन दिवसांत एकत्र वाजवून घेतले, गायन नंतर. तासाभरात मजकूर सुधारून परत आला. माझ्या चारही ओळी गेल्या होत्या आणि तिथे ठळक अक्षरांत एकच होती: ‘आमचा आतापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक अल्बम.’ हा त्यांचा पहिलाच अल्बम आहे. आणि नवापैकी दोन गाण्यांचे शब्द तेव्हा लिहून व्हायचे होते. ट्रॅकवर गायक स्क्रॅचमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कच्च्या गायनात, ‘ला ला ला’ म्हणत होता.